वर्षाचा पास वसूल होतो का? नाशिकच्या कुटुंबासाठी सुट्टीच्या खर्चाचा हिशेब

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं एका वॉटर पार्कच्या खिडकीपाशी उभे होतो. तिकिटं काढणार एवढ्यात आतल्या मुलाने सांगितलं, "मॅडम, वरती थोडे पैसे घाला आणि वर्षाचा पास घ्या. चार वेळा आलात की वसूल." मुलं उड्या मारत होती, नवऱ्याने मान हलवली, मी चार पास घेतले. पुढच्या वर्षभरात आम्ही तिथे दोनदा गेलो. तिसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा गेटवर कळलं की सणाच्या दिवसांत पास चालत नाही. मुलं एवढ्या लांब आलेली, परत कशी नेणार? पुन्हा पूर्ण तिकिटं काढली.

त्या रात्री घरी येऊन मी वही काढली. वर्षाचे पास आणि सभासदत्व या गोष्टी वाईट नाहीत. आमचे आजोबा सार्वजनिक वाचनालयाची, म्हणजे आपल्या सावानाची, वर्गणी न चुकता भरायचे आणि वर्षाला शंभरावर पुस्तकं वाचून ती फेडून घ्यायचे. वाचनालय घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं, म्हणून ते जमलं. पास वसूल होतो तो अंतरामुळे आणि सवयीमुळे. छापलेल्या सवलतीचा त्यात वाटा फार थोडा असतो. गेली तीन वर्षं मी याच नजरेने आमच्या घराचा सुट्टीचा खर्च बघते आहे. त्यातून जी पद्धत बसली, ती इथे पायरीपायरीने सांगते.

परदेशी लेखांत वाचलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तिकडच्या मध्यम शहरातही प्राणिसंग्रहालय, मुलांचं संग्रहालय, विज्ञान केंद्र असं काही ना काही असतं आणि कुटुंब वर्षाला पंधरा-वीस वेळा तिथे जातं. नाशिकला मोठं प्राणिसंग्रहालय नाही. आपली मोठी आकर्षणं मुंबईला, पुण्याकडे, खोपोलीला. म्हणून आपला हिशेब वेगळा मांडावा लागतो.

पहिली पायरी: गेल्या वर्षी खरंच कुठे गेलो होतो?

आठवणीवर विसंबू नका. फोनमधली फोटोंची गॅलरी उघडा. प्रत्येक फोटोवर तारीख असते, बहुतेक वेळा ठिकाणही असतं. गेल्या बारा महिन्यांतल्या सगळ्या सहली, अर्ध्या दिवसाच्यासुद्धा, तारखेसह एका कागदावर उतरवा. मग यूपीआयचा इतिहास आणि फास्टॅगचं स्टेटमेंट काढून प्रत्येक तारखेसमोर दोन आकडे लिहा: एक तिकिटांचा, दुसरा बाकी सगळ्याचा. बाकी म्हणजे पेट्रोल, टोल, नाश्ता, जेवण, पार्किंग, लॉकर, वाटेत घेतलेली द्राक्षं आणि चिवडासुद्धा.

हे काम एका संध्याकाळचं आहे, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे. आमच्या घरात तिकिटांवर गेलेला पैसा एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी निघाला. मी सवलत शोधत होते तिकिटावर, आणि पैसा जात होता रस्त्यावर आणि हॉटेलात. तुमचं प्रमाण वेगळं असेल, पण ते माहीत झाल्याशिवाय पासचा विचार करू नका.

दुसरी पायरी: दोन तासांचं वर्तुळ

घरापासून गाडीने दोन तासांत पोहोचता येतं अशी ठिकाणं एका यादीत, त्यापलीकडची दुसऱ्या यादीत. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. आमच्या पहिल्या यादीत पांडवलेणी, फाळके स्मारक, गंगापूर धरणाचा बोट क्लब, अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय, त्र्यंबकेश्वर, सिन्नरचं गारगोटी खनिज संग्रहालय, इगतपुरी, नांदूरमध्यमेश्वर, शिर्डी आणि सापुतारा येतात. मुंबई, पुणे, वेरूळ, खोपोली दुसऱ्या यादीत.

नियम साधा आहे. वर्षाचा पास घ्यायचा तो पहिल्या यादीतल्या ठिकाणाचाच. तिथे शनिवारी दुपारी जेवून निघालं तरी रात्री घरी येता येतं, त्यामुळे वर्षातून पाच-सहा फेऱ्या सहज होतात. दुसऱ्या यादीतल्या ठिकाणी जायचं म्हणजे पहाटे उठणं, डबे, मुक्काम, सोमवारच्या शाळेची काळजी. तिथे वर्षातून एकदा, फार तर दोनदा जाणं होतं. खोपोलीच्या थीम पार्कचा पास पनवेलच्या किंवा पिंपरीच्या कुटुंबाला परवडू शकेल. नाशिकहून एवढ्या लांब गाडी चालवून चौथी फेरी कोणी मारत नाही.

तिसरी पायरी: जिथे पास लागतच नाही ती ठिकाणं बाजूला काढा

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या वास्तूंचं तिकीट भारतीयांना नाममात्र आहे: वेरूळ आणि अजिंठ्याला माणशी ४० रुपये, पांडवलेणी किंवा दौलताबादसारख्या ठिकाणी २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. म्हणजे आम्हा दोघांचे ८० रुपये भरून चौघं जण अख्खं वेरूळ बघू शकतो. अलीकडच्या वर्षांत १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, प्रवेश मोफत ठेवला गेला आहे. पण ८० रुपये वाचवण्यासाठी एप्रिलच्या उन्हात तिकडे जाऊ नका. इथे बचत वाराची माहिती ठेवण्यात आहे: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. बंद दारावरून परत फिरण्याचा खर्च कुठल्याही तिकिटापेक्षा मोठा असतो.

मुंबईतही हेच. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१७ मध्ये नवे दर आले तेव्हा आई-वडील आणि दोन मुलं अशा चौघांचं एकत्रित तिकीट १०० रुपये ठेवलं गेलं. खिडकीवर चार सुटी तिकिटं मागू नका, "फॅमिली तिकीट" असा शब्द वापरून मागा. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं संग्रहालय. दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद असतात, त्यामुळे एका दिवसात दोन्ही करायची तर बुधवार टाळा. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जाऊन त्याच गाडीने रात्री परत येता येतं. मुक्कामाचा खर्च वाचतो आणि तो पासाच्या सवलतीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

नांदूरमध्यमेश्वरबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण नाशिकमधलीच कितीतरी कुटुंबं अजून तिथे गेलेली नाहीत. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे सूर्य उगवायच्या आत चापडगावच्या बाजूने पोहोचा. तिथले स्थानिक वाटाडे दुर्बिणीतून मुलांना चक्रवाक दाखवतात, नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात. चौघांचा खर्च एका मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नएवढा होतो. माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे. गेल्या थंडीत तो तिथे तीन तास एका जागी उभा राहिला. वॉटर पार्कमध्येही तो एवढा वेळ एका जागी थांबत नाही.

चौथी पायरी: उंबरठा काढा, मग त्यात रस्ता मिळवा

आता उरली ती ठिकाणं, जिथे तिकीट खरोखर महाग आहे आणि जी दोन तासांच्या आत आहेत. पासची किंमत भागिले एका वेळचं तिकीट, म्हणजे किती फेऱ्यांत वसूल होतो ते कळतं. याला मी उंबरठा म्हणते. पण इथेच थांबलं तर फसगत होते. उदाहरणादाखल आकडे धरू या: तिकीट ९०० रुपये, पास ३,२०० रुपये, माणसं चार.

एका वेळची चौघांची तिकिटं ३,६००. चौघांचे पास १२,८००. उंबरठा साडेतीनच्या वर, म्हणजे चौथ्या फेरीला वसूल. खिडकीवरचा मुलगा खोटं बोलत नव्हता. पण प्रत्येक फेरीला पेट्रोल ४००, आतलं जेवण १,२००, लॉकर आणि भाड्याचे कपडे ५०० धरा. हे २,१०० रुपये पास असला तरी जातातच.

पास न घेता दोनदा गेलो तर खर्च ११,४००. पास घेऊन चारदा गेलो तर १२,८०० अधिक ८,४००, म्हणजे २१,२००. पासाशिवाय चारदा गेलो असतो तर २२,८०० लागले असते, म्हणून कागदावर १,६०० वाचले. पण मुळात आम्ही दोनदाच जाणार होतो. मग वाचवण्याच्या नादात ९,८०० रुपये जास्त गेले.

म्हणून पासची तुलना तुम्ही एरवी जितक्या वेळा जाल त्याच्याशी करायची. पहिल्या पायरीत काढलेल्या कागदावर तो आकडा आहे. त्या ठिकाणी गेल्या वर्षी पाचदा गेला असाल, तर पास घ्या. वरच्याच आकड्यांत पाच फेऱ्यांना ५,२०० रुपये सरळ वाचतात. दोनदा गेला असाल तर तिकीट काढा. "पास असला की जास्त जाऊ" हे वाक्य घरात कोणी उच्चारलं, तर त्याच्याकडून कॅलेंडरवर तारखा लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, पास चौघांचेच घेतले पाहिजेत असं कुठे आहे? आमच्याकडे दोन मुलं आणि एक मोठं माणूस, एवढेच खरोखर पाण्यात उतरतात. दुसरा मोठा माणूस कधी येतो, कधी येत नाही. तो आला तर त्याचं तिकीट काढतो. सासूबाईंसाठी तर पासचा विचारच नको. जिथे फक्त बसायचं, तिथे ज्येष्ठांची सवलत आहे का ते विचारा. नसेल तर त्यांना पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकाच्या बागेत न्या. त्या तिथे जास्त खूश असतात.

पाचवी पायरी: पैसे देण्याआधी विचारायचं ते

आधी हे विचारा: पास कुठल्या दिवशी चालत नाही? तारखांची यादी लेखी मागा. मे महिन्यातले शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ ते नववर्ष, धुळवड हे दिवस बऱ्याच ठिकाणी वगळलेले असतात. शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराला नेमके हेच दिवस मोकळे असतात. हे वगळल्यावर तुमच्या उपयोगाचे किती दिवस उरतात ते तिथेच बोटांवर मोजा.

मग वर्ष कधीपासून मोजतात ते विचारा. पैसे भरल्याच्या दिवसापासून की पहिल्यांदा वापरल्यापासून? की १ एप्रिल ते ३१ मार्च? शेवटचा प्रकार असेल आणि तुम्ही जानेवारीत घेत असाल, तर तुम्हाला तीनच महिने मिळणार.

मुलांचा पास वयावर आहे की उंचीवर? अनेक पार्कांत मुलाचं तिकीट उंचीवर ठरतं. माझी थोरली वर्षात चार बोटं वाढली आणि गेटवरच्या पट्टीच्या वर गेली. अशा वेळी पास मुलाचाच राहतो की फरक भरावा लागतो, हे आधी कळलेलं बरं. मूल पट्टीच्या जवळ असेल तर हा प्रश्न विसरू नका.

जीएसटी धरून किंमत किती, पासवर फोटो लागतो का, पास हरवला तर काय, जेवणाच्या स्टॉलवर सभासदाला काही सूट आहे का, पाहुण्याला सवलतीत आणता येतं का, हेही विचारून घ्या. यातली शेवटची अट चांगली असेल तर मे महिन्यात मामा-मावशीची मुलं आली की तिचा खरा उपयोग होतो. आणि आजचं तिकीट पासमध्ये वळतं करून देता का, हेही नक्की विचारा. काही ठिकाणी त्याच दिवशी बाहेर पडण्याआधी फरक भरून पास मिळतो. तशी सोय असेल तर आधी तिकीट काढून आत जा, जागा बघा, मुलांना विचारा, मग संध्याकाळी ठरवा.

सहावी पायरी: कधी घ्यायचा

यावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच झाला आहे.

नाशिकची थंडी लक्षात घ्या. निफाडला पारा उतरला की पाण्याच्या खेळांचं कोणी नाव काढत नाही. पावसाळ्यात इकडचे लोक धबधब्यांकडे जातात. म्हणजे वॉटर पार्कचा बारा महिन्यांचा पास आपल्याकडे खरा मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि थोडासा ऑक्टोबरमध्ये चालतो. तो पाच महिन्यांचाच पास आहे असं धरून हिशेब करा.

आता त्याची उलटी बाजू. वर्ष पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजत असतील, तर पास मेच्या तिसऱ्या आठवड्यात घ्या. समजा २० मेला घेतला. या सुट्टीतले उरलेले दिवस मिळाले, आणि पुढच्या वर्षी वार्षिक परीक्षा संपल्यापासून १९ मेपर्यंतचे दिवसही मिळाले. एका पासात दोन उन्हाळे बसतात. मार्चमध्ये घेतला तर एकच उन्हाळा बसतो. पैसे तेवढेच.

दिवाळीचंही असंच आहे, फक्त तिथे पंचांग उघडावं लागतं. दिवाळी तिथीने येते, पास तारखेने संपतो. अधिक महिना येऊन गेला की त्या वर्षीची दिवाळी उशिरा येते आणि पुढच्या वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला आहे. नोव्हेंबर २०२६ च्या पहिल्या आठवड्यात सुरू केलेला वर्षाचा पास पुढच्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनालाही जिवंत असतो. हे गणित पुढे सांगते त्या टोलच्या पासला फार उपयोगी पडतं, कारण दिवाळीत गावी जाणं आणि माहेरी येणं यात टोलनाके सगळ्यात जास्त ओलांडले जातात.

नाशिककरांनी २०२७ पुरतं आणखी एक धरावं. सिंहस्थाची अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर २०२७ ला आहेत. त्या काळात त्र्यंबक रस्त्यावर किंवा शहरातून गाडी काढून सहलीला जाण्याचे बेत करू नका. पासच्या वर्षातून ते दोन महिने आधीच वजा करा.

सातवी पायरी: रस्त्याचा पास

आमच्या घरात खरा वसूल झालेला पास हा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीचा दर ३,००० रुपये, त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे फेरीला १५ रुपये. आजचा दर राजमार्गयात्रा ॲपवर दिसतो आणि पास तिथूनच किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून सुरू करायचा असतो. कोणी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून पास विकत असेल तर हात लावू नका.

'फेरी' म्हणजे काय ते नीट समजून घ्या. आपल्या मुंबई-आग्रा रोडवर प्रत्येक नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते. मुंबईला जाताना घोटी आणि अर्जुनल्ली, येताना पुन्हा तेच, म्हणजे जाऊन-येऊन चार फेऱ्या. वर्षात आठदा मुंबई केली तर ३२ झाल्या. पुण्याकडे निघालात की शिंदे, हिवरगाव पावसा असे नाके मोजत चला. २०० फेऱ्या संपवणं साध्या घराला कठीणच आहे. त्यामुळे फेऱ्या संपतील का याची चिंता नको. गेल्या वर्षीच्या स्टेटमेंटमध्ये राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलची बेरीज पासच्या किमतीपेक्षा जास्त होते का, एवढंच बघा. आमची दुप्पट झाली होती.

पास कुठे चालत नाही ते त्याहून महत्त्वाचं. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू हे रस्ते या पासात नाहीत. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून मुंबई गाठता येते. मोह होतो, पण तिथला टोल नेहमीसारखा खात्यातून कापला जातो. म्हणून पास असला तरी फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा, नाहीतर दुप्पट भरावं लागतं. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, ते हिशेबात धरू नका.

पास त्याच गाडीचा असतो, दुसऱ्या गाडीवर बदलून मिळत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. गाडी विकायचा विचार असेल तर थांबा. फास्टॅग काचेवर नीट चिकटवलेला आणि गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेला हवा. नव्या गाडीचा टॅग पुष्कळदा चासी क्रमांकावर काढलेला असतो, तो आधी अद्ययावत करून घ्या. पिवळ्या पाटीच्या गाडीला हा पास नाही.

गाडी नसेल तर एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना आहे, १९८८ पासूनची. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पास मिळतो. कॉलेजातल्या दोन मुलांनी सात दिवसांत कोकण किंवा विदर्भ पालथा घालायचा तर यासारखी स्वस्त गोष्ट नाही. पण कुटुंबात मात्र आधी तिकिटांची बेरीज करा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट आहे. आई, आजी आणि मुलं सवलतीच्या तिकिटावर आणि फक्त बाबांचा पास, अशी जुळणी बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त पडते.

खेळण्यांपलीकडचं सभासदत्व

यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचं नाव ऐकून अनेकांना वाटतं की ते तरुणांसाठीच आहे. सभासद व्हायला वयाची वरची मर्यादा नाही. सभासदाला त्यांच्या वसतिगृहांत कमी दरात राहता येतं आणि ते कुटुंबांसाठीही शिबिरं घेतात. पहिल्या पायरीत 'बाकी खर्च' मोठा निघाला असेल आणि त्यात मुक्कामाचा वाटा जास्त असेल, तर तिकिटाच्या पासपेक्षा हे सभासदत्व तुमच्या जास्त कामाचं. राहणी साधी असते, सामाईक स्नानगृहं असू शकतात. घरातल्या सगळ्यांना ते चालेल का, हे आधी बोलून घ्या.

पक्ष्यांची, झाडांची आवड असलेलं मूल घरात असेल तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी बघा. १८८३ ची संस्था आहे. सभासदांना 'हॉर्नबिल' त्रैमासिक मिळतं आणि निसर्गफेऱ्या, शिबिरांत सवलत असते. मी माझ्या मुलासाठी पुढच्या वाढदिवसाला हेच देणार आहे.

आणि नाशिकमध्येच महापालिकेच्या तरणतलावाचा पास. तो सहलीत मोजला जात नाही, पण ज्या मुलाला पाण्यात खेळायचं आहे त्याची हौस तिथे आठवड्यातून तीनदा भागते. तो पास सुरू केल्यावर आमच्याकडे वॉटर पार्कची मागणी बरीच कमी झाली.

मुलं अमेरिकेत असतील तर

आमच्या कॉलनीतले कितीतरी काका-काकू दर उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे जातात. वार्षिक सभासदत्वाचा खरा पसारा तिकडेच आहे. तिथल्या गावातल्या विज्ञान केंद्राचं कौटुंबिक सभासदत्व एएसटीसी, म्हणजे विज्ञान केंद्रांच्या संघटनेच्या, ट्रॅव्हल पासपोर्टमध्ये असेल, तर त्याच कार्डावर दुसऱ्या शहरातल्या शेकडो केंद्रांत मोफत प्रवेश मिळतो. अट अशी की ते केंद्र घरापासून आणि तुमच्या मूळ केंद्रापासूनही ९० मैलांपलीकडे हवं. प्राणिसंग्रहालयांचीही अशी परस्पर सवलत असते, कुठे मोफत, कुठे निम्म्या दरात. तुम्ही जायच्या आधी मुलाला सांगा की सभासदत्व घेताना आजी-आजोबांची नावं त्यात बसतात का ते बघ. काही ठिकाणी त्याचा वेगळा प्रकार असतो आणि फरक थोडाच असतो.

राष्ट्रीय उद्यानांचं गणित १ जानेवारी २०२६ पासून बदललं आहे. तिथल्या रहिवाशांना वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरच्यांना २५० डॉलर. शिवाय ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी अशा अकरा मोठ्या उद्यानांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा. दोघं जण अशी दोन उद्यानं बघणार असाल तर जादाचेच ४०० होतात. तिथे २५० चा पास आधी घेतलेला बरा.

एका गोष्टीपासून लांब राहा

मॉलमध्ये चिठ्ठी भरून घेतात, चार दिवसांनी फोन येतो, "तुम्हाला भेटवस्तू लागली आहे, दोघांनी जोडीने या." मग हॉटेलच्या हॉलमध्ये दोन तास बसवून दहा-वीस वर्षांचं हॉलिडे क्लबचं सभासदत्व गळ्यात मारतात. हा वार्षिक पास नव्हे. यात मोठी रक्कम आधी जाते आणि वर दरवर्षी देखभाल शुल्क भरत राहावं लागतं, तुम्ही जा किंवा जाऊ नका. आमच्या नात्यातल्या एका जोडप्याने असंच सही केली आणि हव्या त्या तारखेला खोली मिळालीच नाही. तिथे सही करू नका, कार्ड देऊ नका, कागद घरी आणून वाचा. "आजच्या आजच" म्हणाले की उठा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

पास घेतल्यानंतर

त्याच दिवशी पासच्या सगळ्या तारखा घरातल्या कालनिर्णयावर लिहा: कधी सुरू, कधी संपतो, कुठले दिवस चालत नाहीत. संपण्याच्या महिनाभर आधीच्या तारखेला लाल गोल करा. पासचा आणि अटींच्या पानाचा फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. खात्यातून आपोआप नूतनीकरणाची परवानगी दिली असेल तर ती लगेच बंद करा.

प्रत्येक फेरीला खाण्याचा आणि भाड्याच्या वस्तूंचा खर्च कमी करता आला तरच पास खऱ्या अर्थाने फळतो. वॉटर पार्कमध्ये नायलॉनचे कपडे लागतात. ते एकदा रविवार कारंजावर किंवा मेनरोडला विकत घ्या, चौघांचं भाडं दोन-तीन फेऱ्यांत वाचतं. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. म्हणून आम्ही घरून पोळी-भाजी भरपेट खाऊन अकरानंतर पोहोचतो, चारला बाहेर पडतो आणि गाडीतल्या डब्यातला चिवडा, केळी खातो. आत फक्त पाणी आणि मुलांचं एक आइस्क्रीम. एका वेळचे १,२०० वरून आम्ही तीनशेवर आलो आहोत.

प्रत्येक फेरीनंतर कालनिर्णयावर एक रेघ मारतो. मुलं स्वतःच मोजतात. यंदा जूनमध्ये धाकट्याने लाल गोलाची तारीख बघून मला विचारलं, "आई, अजून दोनदा गेलो तर वसूल ना?" आम्ही एकदा गेलो, दुसऱ्या वेळी त्याला ताप होता. पास संपला तेव्हा एक फेरी कमी पडली होती. या वर्षी आम्ही तो घेतला नाही, सुटी तिकिटं काढणार आहोत.